नगर-पाथर्डी रस्ता : फिरतीचा रोजगार आणि दिशांची मर्यादा

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास नगर शहरातून पूर्वेकडे निघणारा रस्ता विशेष गजबजतो. भिंगार मागे पडले की शाह डोंगरावरचा सलाबतखानाचा तीन मजली अष्टकोनी मकबरा दिसू लागतो. साऱ्या जिल्ह्याने त्याला ‘चांदबिबीचा महाल’ हेच नाव दिले आहे. त्याच्या पायथ्याहून रस्ता करंजीच्या घाटाकडे वळतो आणि गर्भगिरीच्या रांगा ओलांडून तिसगाव, पाथर्डी करीत मराठवाड्यात जातो. सरकारी नकाशात हा कल्याण-निर्मळ राष्ट्रीय महामार्ग आहे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी या वाटेने रोज ये-जा करणारा माणूस अजूनही ‘नगरला जाऊन येतो’ असेच सांगतो.

या दिवसांत चातुर्मास नुकताच संपलेला असतो. चार महिने एका स्थानकात स्थिरावलेले संत-सतीजी पहाटेच्या गारव्यात विहारास निघतात. मागे-पुढे विहारसेवेतील दोन-चार तरुण चालत असतात. त्याच आठवड्यांत पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे बिऱ्हाड गुंडाळून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण आणि शेळी, आणि त्या साऱ्याच्या वर गोधडीत गुंडाळलेली मुले. आणि त्यांच्यामधून वाट काढीत धावतो तो व्यापाऱ्याचा टेम्पो. दिवाळीचे वहीपूजन आटोपून त्याच्या आठवडे बाजारांच्या फेऱ्या पुन्हा सुरू झालेल्या असतात. तिघांचा रस्ता एकच आणि तिघांच्याही आयुष्याला प्रवास बांधलेला. पण तिघांच्या चालण्याचा अर्थ मात्र वेगळा आहे.

हा अर्थ समजून घेण्याचे कारण घराघरांतच आहे. नगर, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव, जामखेड, पाथर्डी येथील जैन व्यापारी कुटुंबांत वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी आज एक वाक्य हमखास बोलते : ‘मला गल्ल्यावर बसायचे नाही, फिरतीचे काम हवे आहे.’ ऐकणाऱ्या वडिलांना त्यात दुकानाचा अव्हेर दिसतो. आईच्या मनात सूर्यास्तानंतरच्या जेवणाची चिंता येते. आजोबा काही बोलत नाहीत. पण तीन पिढ्यांनी जमवलेली पेढी कोणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असतो. तरुणाला हा विरोध जुनाट वाटतो आणि घराला त्याची इच्छा चैनीची वाटते. खरे पाहता दोघांनाही आपल्याच घराण्याचा इतिहास पुरता आठवत नसतो.

नगर शहराची स्थापना १४९० मध्ये अहमद निजामशहाने केली आणि तेव्हापासून ते बाजाराचे व छावणीचे गाव राहिले. मारवाडातून आलेले जैन व्यापारी पुढील शतकांत येथे स्थिरावले. ‘लोटा-दोरी घेऊन आले’ असे त्यांच्याविषयी म्हटले जाते. तो शब्दप्रयोग ऐकताना गरिबीची कल्पना येते. पण लोटा आणि दोरी ही मुळात वाटसरूची साधने आहेत. अनोळखी गावात विहिरीचे पाणी स्वतः काढून, गाळून प्यायचे, तर हीच दोन हवीत. म्हणजे ज्या गादीवर बसण्याचा कंटाळा आजच्या तरुणाला येतो, ती गादी घालणारा पूर्वज स्वतः शेकडो मैल चाललेला होता. दुकान ही त्याच्या प्रवासाची सुरुवात नव्हती, ती अखेर होती.

आणि दुकान झाल्यावरही फिरती थांबली नाही. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याआधी धान्य, मीठ आणि कापड बैलगाड्यांवर आणि लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवर हलत असे. रेल्वे आल्यावरही ती जिल्ह्याच्या एका बाजूने गेली. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत यांसारख्या तालुक्यांच्या गावांपर्यंत माल पोचवण्यासाठी गाडीवाटच होती. कापडाचे गठ्ठे आणि गज घेऊन व्यापारी एका गावच्या बाजारातून दुसऱ्या गावच्या बाजारात जाई आणि आठवडा संपताना घरी परते. घोडेगावचा कांद्याचा व जनावरांचा बाजार, काष्टीचा आणि लोणीचा जनावरांचा बाजार ही नावे जिल्ह्याबाहेरही ठाऊक आहेत. बाजाराच्या वारांवरच कित्येक घरांचे वेळापत्रक बांधलेले असे.

या इतिहासाला एक कटू पानही आहे, आणि ते वगळून चालणार नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागांतही पसरला. रोष होता तो कर्जरोख्यांवर आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांवर. त्या काळचे बरेचसे सावकार मारवाडी आणि गुजर होते. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. या घटनेचा धडा एवढाच की, जो व्यापारी केवळ ओट्यावर बसून कागद लिहून घेतो त्याला गाव परके मानते. जो गावोगाव फिरून शेतकऱ्याचे शिवार पाहतो, दुष्काळात उधारीची मुदत वाढवतो आणि लग्नकार्याला हजर राहतो, त्याला गाव आपले म्हणते. फिरतीत मालाची विक्री होते तशीच माणसांची ओळखही होते, आणि पत त्या ओळखीवरच उभी राहते.

तर मग फिरतीला धर्माची मान्यता आहे काय? येथे श्रावकाच्या बारा व्रतांपैकी सहावे व्रत आठवावे लागते : दिशापरिमाण व्रत. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण आणि विदिशा, तसेच वर आणि खाली आपण कुठवर जाऊ, याची मर्यादा श्रावकाने स्वतः ठरवायची. त्या मर्यादेपलीकडे आपल्याकडून होणाऱ्या हिंसेला आणि लोभाला आपोआप आळा बसतो. दहावे देशावकाशिक व्रत ही मर्यादा एखाद्या दिवसापुरती किंवा काही वेळापुरती आणखी आखडून घेते. वरवर पाहता ही व्रते प्रवासाच्या विरोधात जाणारी वाटतात. पण उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा नीट वाचली की वेगळे चित्र दिसते.

वाणिज्यग्रामाचा हा गृहस्थ मोठा धनिक. चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घर-मालमत्तेत. शिवाय दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळे. भगवान महावीरांपाशी व्रते घेताना त्याने आपल्या गाड्यांचीही मोजणी केली : दूरच्या प्रवासासाठी पाचशे गाड्या आणि मालाच्या वाहतुकीसाठी पाचशे गाड्या. नौका ठेवल्या त्याही तशाच, प्रवासासाठी चार आणि मालासाठी चार. म्हणजे त्याने प्रवास सोडला नाही. त्याने तो मोजला. त्याच्या व्रतात ‘जाऊ नको’ अशी मनाई नव्हती, ‘कुठवर, कशासाठी आणि किती’ हा हिशेब होता. व्यापारी घरातील माणसाला ही भाषा परकी वाटण्याचे कारण नाही.

या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत आणि त्यांतील दोन फिरतीच्या माणसाने विशेष ध्यानात ठेवावेत असे आहेत. एक क्षेत्रवृद्धी : एका दिशेची मर्यादा कमी करून ती दुसऱ्या दिशेत मिळवून घेणे. दुसरा स्मृतीचा लोप : आपण मर्यादा कोणती ठरवली होती, याचाच विसर पडणे. आजच्या नोकरीत हे दोन्ही रोज घडते. ‘या महिन्यात चार दिवस कमी झाले, पुढच्या महिन्यात आठ दिवस जास्त जाईन,’ असे म्हणता म्हणता महिन्याचे वीस दिवस बाहेर जातात. आणि आरंभी घरच्यांना दिलेला शब्द नेमका काय होता, हे तीन वर्षांनी कोणालाच आठवत नाही.

नगर-पाथर्डी रस्त्याने करंजीच्या परिसरात आले की चिचोंडी (शिराळ) हे गाव लागते. १९०० मध्ये येथील गुगळे कुटुंबात नेमिचंद नावाचा मुलगा जन्मला. वयाच्या तेराव्या वर्षी, डिसेंबर १९१३ मध्ये, याच पाथर्डी तालुक्यातील मिरी येथे पू. रत्नऋषिजी म. सा. यांच्यापाशी त्याची दीक्षा झाली आणि तो आनंदऋषी झाला. पुढे १९६४ मध्ये श्रमण संघाचे आचार्यपद त्यांच्याकडे आले. खेड्यातील व्यापारी घरात जन्मलेल्या या मुलाने महाराष्ट्रापासून राजस्थान आणि पंजाबपर्यंतची भूमी पायी तुडवली. पाथर्डीत धार्मिक परीक्षा बोर्ड उभे राहिले ते त्यांच्याच प्रेरणेने, आणि त्या बोर्डाच्या परीक्षा देशभरातील मुलामुलींनी दिल्या. मार्च १९९२ मध्ये नगर येथेच त्यांचा देवलोकवास झाला. त्यांच्या नावाचे रुग्णालय आज शहरात आहे आणि तेथे दूरदूरच्या तालुक्यांतून रुग्ण येतात.

साधूच्या विहारालाही नियम आहे. आठ महिन्यांत सर्वसाधारणपणे एका ठिकाणी महिन्याहून अधिक राहायचे नाही आणि पावसाळ्याचे चार महिने हलायचे नाही. यालाच नवकल्पी विहार म्हणतात. एका जागी फार राहिले तर ममत्व जडते आणि पावसाळ्यात फिरले तर जीवहिंसा वाढते. म्हणून चालणे आणि थांबणे ही दोन्ही साधनाच ठरली. ज्याचे आयुष्यच प्रवास आहे त्यालाही चार महिने थांबावे लागते, हा विचार फिरतीच्या नोकरदाराने आपल्या पद्धतीने घेण्यासारखा आहे. वर्षातला काही काळ असा असावा की त्या काळात कोणताही आदेश त्याला गावाबाहेर नेणार नाही. पर्युषणाचे आठ दिवस ही त्याची किमान सुरुवात होऊ शकते.

तिसगावाजवळ मढी हे कानिफनाथांचे स्थान आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत येथे यात्रा भरते आणि भटक्या-विमुक्त समाजांची कुटुंबे दूरदूरहून येतात. येथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. या लोकांच्या पिढ्यान् पिढ्या रस्त्यावर गेल्या. कारण स्थिर राहण्यासाठी लागणारी जमीन, घर आणि कागद त्यांना कोणी दिले नाहीत. ऊसतोड कामगारांचेही तसेच. पर्जन्यछायेचा हा टापू. पावसाने दगा दिला की शेत पोट भरत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने कोयता चालवावा लागतो. मुलांची शाळा सुटते, म्हातारी माणसे गावात एकटी राहतात. या माणसाला कोणी विचारले की ‘तुला फिरतीचे काम आवडते का?’, तर त्याला प्रश्नच कळणार नाही.

म्हणून ‘मला फिरतीचे काम हवे’ असे म्हणू शकणे हीच एक मोठी सोय आहे. ज्याच्या पाठीशी घर आहे, दुकान आहे, परतल्यावर ताट वाढणारे माणूस आहे, त्यालाच प्रवास आनंदाचा वाटतो. पूर्वजांनी गादी घातली म्हणून नातवाला हौसेने निघता येते. हे ओळखले की तरुणाच्या बोलण्यातली अधीरता कमी होते आणि वडिलांच्या मनातली अव्हेराची भावनाही निवळते.

या जिल्ह्यातल्या माणसांनी प्रवासाच्या साधनांनाही हातभार लावला आहे. नगरचे वकील व स्वातंत्र्यसैनिक कुंदनमल फिरोदिया हे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या पुढच्या पिढीतील नवलमल आणि हस्तीमल फिरोदिया यांचे नाव भारतातील ऑटोरिक्षा आणि तीनचाकी मालवाहू वाहनांच्या उद्योगाशी जोडले गेले. जर्मन कंपनीच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या बजाज टेम्पोमुळे ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत असा रुजला की, आज कोणत्याही कंपनीचे लहान मालवाहू वाहन टेम्पोच म्हटले जाते. पंधरा कर्मादानांत गाड्या भाड्याने चालवण्याचा धंदा श्रावकासाठी निषिद्ध सांगितला आहे तो मुख्यतः जुंपलेल्या मुक्या जनावरांच्या क्लेशामुळे. इंजिनाने बैलाच्या मानेवरचे जू बऱ्याच अंशी उतरवले; पण अपघात, अतिभार आणि चालकाची अपुरी झोप हे नवे क्लेश आले. वाहतुकीच्या धंद्यात उतरणाऱ्या तरुणाने अहिंसेचा विचार आता या ठिकाणी करावयाचा आहे.

मग नगर जिल्ह्यातील तरुणाला फिरतीचे काम मिळेल तरी कुठे? त्यासाठी घराबाहेर फार दूर पाहावे लागत नाही. कापडाच्या घरातील मुलाला सुरत, मालेगाव, इचलकरंजी, भिवंडी येथील खरेदी स्वतः हाती घेता येते. आडत्याच्या फोनवर विसंबणाऱ्या दुकानापेक्षा माल डोळ्यांनी पाहून आणणारे दुकान निराळे दिसते. कांद्याच्या व्यापारात दक्षिणेकडील बाजारपेठा समजून घेणारा माणूस हवाच असतो. सनदी लेखापालाच्या उमेदवारीत बँकांच्या शाखांचे आणि कारखान्यांच्या गोदामांतील तारण साखरेचे लेखापरीक्षण येते. ते कार्यालयात बसून होत नाही. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचे काम तर फिरतीचेच. नागापूर आणि सुपे येथील औद्योगिक वसाहतींतील यंत्रनिर्मात्यांना ग्राहकाच्या दारी जाऊन यंत्र बसवणारे व दुरुस्त करणारे अभियंते लागतात. पर्यटन व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी, १९८३ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था आता ग्वाल्हेर येथे आहे. सम्मेदशिखर, पालिताणा, राणकपूर अशा यात्रांची शिस्तशीर आखणी करणारा, वृद्धांची औषधे आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन यांचे भान ठेवणारा आयोजक समाजाला नेहमीच हवा असतो.

यांपैकी कोणतेही काम स्वीकारताना पगाराच्या आकड्याबरोबर आणखी एक आकडा विचारावा : महिन्यातून किती रात्री घराबाहेर? दिवसाची फिरती आणि रात्रीचा मुक्काम यांत मोठे अंतर आहे. मुक्कामाचा आणि प्रवासाचा भत्ता किती, तो आगाऊ मिळतो की नंतर, रात्रीचा रस्त्याचा प्रवास सक्तीचा आहे काय, परतल्यावर विश्रांतीचा दिवस मिळतो काय, हे नेमणुकीच्या कागदावर असलेले बरे. पहिली दोन-तीन वर्षे या कामात माणूस पुष्कळ शिकतो. पुढे त्याच अनुभवावर स्थिर जागा मिळेल की नाही, हेही पाहावे. वयाच्या पंचविशीत सोसलेली धावपळ पन्नाशीत सोसत नाही.

आईची चिंता वेगळी आणि तीही खरी. रात्रिभोजनाचा त्याग, कंदमुळांचा त्याग, उकळलेले पाणी हे सारे फिरतीत सांभाळता येईल काय? पूर्वीच्या व्यापाऱ्याने ते बाजारच्या ओट्यावर सांभाळले होते. खाखरे, भाजलेले पापड, कोरडा चिवडा आणि पाण्याची बाटली पिशवीत असली तर सूर्यास्त कुठेही होवो, चिंता नाही. सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. आरक्षित डब्यातील एक शांत कोपरा त्याला पुरतो. बहुतेक मोठ्या गावांत स्थानक, धर्मशाळा किंवा भोजनालय आहे, आणि अनोळखी शहरात ‘जय जिनेंद्र’ म्हणताच दार उघडते. अडचण सोयीची नसतेच. ती संकोचाची असते. सहकाऱ्यांसमोर ‘मी आता जेवत नाही’ असे सौम्यपणे आणि एकदाच सांगता आले की पुढे कोणी विचारत नाही.

मुलींच्या बाबतीत घरे अधिक कचरतात. लेखापरीक्षण, औषधनिर्माण, संगणक या क्षेत्रांत शिकलेल्या मुलींना फिरतीची कामे मिळत आहेत, आणि विवाहाची बोलणी सुरू झाली की तीच कामे आधी सोडायला लावली जातात. येथे सतीजींच्या विहाराचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ज्या समाजातील स्त्रिया शतकानुशतके पायी देश पालथा घालतात आणि ज्यांच्यापुढे सारा समाज नतमस्तक होतो, त्या समाजाला घरच्या मुलीच्या दोन दिवसांच्या प्रवासाची धास्ती का वाटावी? सुरक्षिततेची काळजी योग्यच आहे. मुक्काम कुठे, सोबत कोण, परतीचे वाहन कोणते, हे विचारलेच पाहिजे. पण ते मुलालाही त्याच काळजीने विचारले जावे.

घरात हा विषय निघेल तेव्हा एक साधी गोष्ट करता येईल. वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहून जसे वर्षाचे खाते उघडतात, तसे निघणाऱ्याने आणि मागे राहणाऱ्यांनी मिळून प्रवासाची मर्यादा लिहून काढावी : कुठवर, किती रात्री, किती वर्षे आणि कोणत्या दिवसांत मुळीच नाही. दर दिवाळीला ते पान पुन्हा वाचावे. स्मृतिलोपाचा अतिचार टाळण्याचा याहून सोपा उपाय नाही. आणि वाढ करायची असेल तर ती उघडपणे, सर्वांना विचारून करावी. एका दिशेची दुसरीत गुपचूप मिळवू नये.

सायंकाळी पाथर्डीहून नगरकडे परतणारे टेम्पो करंजीचा घाट उतरू लागतात. बाजार उठलेला असतो. गठ्ठे सकाळपेक्षा हलके झालेले असतात. घाटाच्या खाली एखाद्या शाळेच्या पडवीत विहाराचा मुक्काम पडलेला असतो आणि रस्त्याच्या कडेला ट्रॉली थांबवून एखादे कुटुंब तीन दगडांची चूल पेटवत असते. टेम्पोतला व्यापारी सूर्याकडे पाहतो आणि चालकाला गाडी बाजूला घ्यायला सांगतो. अजून थोडा उजेड आहे. घरून आणलेला डबा येथेच उघडायचा आणि त्यातला अर्धा चुलीपाशी बसलेल्या मुलांना द्यायचा. नगर अजून तासाभराच्या अंतरावर आहे.